ऋणमोचनाचे कीर्तन

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी नेमाने येणारा, परंतु दर्शनाच्या रांगेत कधीही न दिसणारा एक माणूस गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वांच्या परिचयाचा होता. अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा. वारकरी विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकीत असताना हा गृहस्थ चंद्रभागेच्या वाळवंटातील घाण झाडीत असे. गाडगे महाराजांचे हे रूप महाराष्ट्राच्या मनात इतके ठसले आहे, की २००० साली शासनाने गावोगावच्या स्वच्छतेची मोहीम हाती घेतली तेव्हा तिला दुसरे नाव शोधावे लागले नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र खराट्याच्या आड या पुरुषाचे निम्म्याहून अधिक कार्य झाकले गेले आहे, असे आम्हांस वाटते. केर काढणे हे त्यांचे दिवसाचे काम होते. रात्री ते ज्या विषयावर कीर्तन करीत तो विषय बहुतेक वेळा कर्ज हाच असे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. त्याच्या आदल्याच वर्षी पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. त्या दंग्यांमुळे सरकारला जाग आली आणि १८७९ साली शेतकऱ्यांस काहीसे संरक्षण देणारा कायदा झाला. पण तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड त्यात नव्हते. कापसाच्या त्या काळ्या मुलखात पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सव्वाईने नाहीतर दिढीने फेडावयाचे, आणि फेड झाली की नाही हे ज्याच्या हाती वही त्यानेच सांगावयाचे, अशी रीत होती.

डेबू आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, वडील दारूपायी गेले. घरची जमीनही त्याच वाटेने गेली होती. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. मामा चंद्रभानजी यांची बरी शेती होती. डेबू गुरे राखू लागला आणि पुढे नांगर धरण्यातही तरबेज झाला. परंतु निरक्षर मामांनी कर्जाचे हप्ते दिले ते पावती न घेता, सावकाराच्या शब्दावर विसंबून. अखेरीस जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले, असे चरित्रकार सांगतात. सावकाराची माणसे ताबा घ्यावयास आली तेव्हा हा तरुण शेतात आडवा उभा राहिला आणि त्याने त्यांस पिटाळून लावले. त्या दिवसाचे शौर्य चरित्रकारांनी मोठ्या आवडीने वर्णिले आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती न घेतलेली पावती. दोन अक्षरे वाचता न आल्याने एक घर उठले, हे डेबूजींनी डोळ्यांदेखत पाहिले. मुलांना शाळेत घाला हा आग्रह त्यांच्या तोंडून आयुष्यभर निघत राहिला, त्याचे मूळ कुठल्या ग्रंथात शोधण्याचे कारण नाही.

पुढे लग्न झाले आणि कुंताबाईंच्या पोटी अलोका ही कन्या जन्मली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यावी लागे. पदरी पैसा नसला तर कर्ज काढून द्यावी लागे. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. ज्येष्ठ मंडळी रागावली, नाना बोल ऐकवले गेले. आज ही गोष्ट किरकोळ भासेल. परंतु पंगतीतून उठून गेलेल्या जातीपुढे एकट्या घराने टिकून राहावयाचे, याला सावकाराच्या माणसांपुढे उभे राहण्याहून अधिक छाती लागते, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावे लागणार नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि लेकरे होती. त्यानंतरच्या भटकंतीत पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन हे क्षेत्र त्यांचे विशेष जिव्हाळ्याचे ठरले. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. चिखलाच्या काठावरून स्नानाला उतरताना म्हातारी माणसे घसरत. बाबांनी तेथे घाट बांधविला, आणि पुढे दरवर्षी यात्रेत अंध, पंगू आणि महारोगी यांना पोटभर जेवण आणि वस्त्र मिळेल अशी व्यवस्था केली. क्षेत्राच्या नावातच ऋणातून सुटका आहे. तेथे स्नान करून देवाचे ऋण फिटते की नाही, यावर आम्ही काय बोलावे? सावकाराचे मात्र फिटत नाही, एवढे बाबांना पक्के ठाऊक होते.

म्हणूनच त्यांचे कीर्तन निराळे झाले. त्यात पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी नव्हती. दिवसभर गाव झाडून झाले, की संध्याकाळी देवकीनंदनाच्या भजनाचा गजर सुरू होई आणि मग वऱ्हाडी बोलीत प्रश्नांची सरबत्ती. ते विचारीत, श्रोत्यांनी उत्तर द्यावयाचे. कर्ज कोणाकोणावर आहे? कशासाठी काढले? बियाण्यासाठी की लग्नातल्या वाजंत्रीसाठी? बाप जिवंत असताना त्याला दूध दिले होते का, आणि तेराव्याच्या गावजेवणाला शेत कोणी गहाण टाकले? नवसाच्या बकऱ्याचे पैसे कोठून आणले? माणसे हसत, मग हसता हसता गप्प होत. कारण ज्याचा हिशेब चालला होता तो शेजारी नसून आपणच आहोत, हे उशिरा ध्यानी येई. ताटे विकून हातावर भाकरी खावी, घरधनिणीला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, परंतु मुलाला शाळेत घालावे, असा त्यांचा सांगावा असे. कोणी पायांवर डोके ठेवावयास आला की काठी उगारली जाई. कीर्तन संपले की आरतीसाठी न थांबता ते पुढच्या गावची वाट धरीत. शिष्य त्यांनी केला नाही आणि मठाचा महंत होण्याचेही नाकारले.

येथे एक शंका आमच्या मनात येते. सावकाराचा व्याजदर सोडून गरिबाच्या खर्चावरच बोट ठेवणे, हा त्या गरिबावर अन्याय नव्हे काय? पाऊस पडला नाही आणि कापसाचा भाव कोसळला, तर दारू न पिणाराही बुडतो. बाबांच्याच अमरावती-अकोल्याच्या परिसरात अलीकडच्या दशकांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतले सगळे काही उधळे नव्हते. परंतु बाबांचे कार्य कीर्तनापाशी थांबत नाही. गरिबावर अवचित कोसळणारा खर्च कोणता, हेही त्यांनी हेरले होते: यात्रेतला मुक्काम आणि घरातले आजारपण.

पंढरपुरात ज्याचा फड वा मठ आहे त्याची सोय होई. इतरांनी उघड्या वाळवंटात, आषाढाच्या पावसात पडून राहावयाचे. त्यातून पटकीची साथ उठे. अस्पृश्यांना तर वाड्यांच्या ओसरीवरही जागा नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, पण चोखोबांच्या माणसांना १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी वर्गणी गोळा करून पंढरपुरात जी धर्मशाळा उभारली ती नेमकी याच लोकांसाठी, आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. नाशकाच्या धर्मशाळेत सदावर्त चाले.

हा सारा व्यवहार लाखांच्या घरातला. त्यातला एक घासही स्वतःच्या कुटुंबाला मिळू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. कुंताबाई झोपडीत राहिल्या. १९२३ साली मुलगा गोविंदा पिसाळलेले कुत्रे चावून गेला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, पण कीर्तन थांबले नाही. या प्रसंगाने अनेकांस त्यांच्या वैराग्याची थोरवी दिसते. आमचे लक्ष मात्र मूर्तिजापूरच्या दिशेला जाते. त्या माउलीने ते दुःख कोणाच्या खांद्यावर टाकले असेल?

१९४९ साली पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या ओवऱ्यांत यात्रेकरू निजत तेथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी, हा हेतू होता. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. खेड्यातून रोगी घेऊन आलेली माणसे पदपथावर चूल मांडीत आणि औषधाला आणलेले पैसे खोलीच्या भाड्यात जात. त्यांच्यासाठी ही जागा होती. देवाच्या दारी उतरणाऱ्यासाठी जे पंढरपुरात, तेच वैद्याच्या दारी उतरणाऱ्यासाठी मुंबईत.

नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, आजारी गाडगेबाबांना अमरावतीला नेत असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावतीला समाधी झाली. धर्मशाळांचे, शाळांचे आणि सदावर्तांचे कागद त्यांनी आधीच विश्वस्तांच्या हवाली केले होते. त्यांत घरच्या कोणाचा हक्क ठेवलेला नव्हता.