प्राध्यापक कर्णधार

जालन्याच्या विजय झोलने २०१४ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले. तो ज्या महाराष्ट्र संघातून खेळला, त्या संघाने रणजी करंडक दोनदाच जिंकला आहे. १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दिनकर बळवंत देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक.

१४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले देवधर १९११ पासून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी हिंदुस्थानकडून १४८ धावा काढल्या. त्या दौऱ्याने येथील क्रिकेटची कुवत इंग्रजांच्या लक्षात आली. पण हिंदुस्थानला पहिली कसोटी खेळायला मिळाली ती १९३२ साली. तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते आणि इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही. संस्थानिकांच्या मानपानाचा तो काळ. दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. प्राध्यापकांच्या वाट्याला अधिकृत कसोटी कधीच आली नाही.

ते खरोखरच थकले होते काय, याचा निवाडा पुढे धावफलकांनी केला. महाराष्ट्राचा संघ त्यांनी तरुणांच्या बळावर उभा केला. विजय हजारे यांनी याच संघाकडून १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा, तर पुढच्या वर्षी मद्रासचा पराभव झाला. कर्णधार केवळ मार्गदर्शनापुरते मैदानात नव्हते. १९४०-४१ मध्ये पुण्यात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावांची खेळी केली. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर इतका वेळ खेळपट्टीवर उभे राहणे, हेच मुळात विलक्षण! १९४४ साली नवानगरविरुद्ध तर त्यांनी एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतके ठोकली. तेव्हा त्यांचे वय होते बावन्न.

खेळ थांबल्यावर ते राष्ट्रीय निवड समितीत आणि क्रिकेट संघटनेच्या कारभारात रमले. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनचे राष्ट्रीय पातळीवरील मैदान गाजवले. देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने मर्यादित षटकांची विभागीय स्पर्धा सुरू झाली आणि तिचे पुढील दोन दशकांचे सामने त्यांच्या हयातीतच झाले. वयाचेही शतक पूर्ण करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला.