पुण्याने गमावलेली दुर्बीण

नसरापूर मागे टाकून वेल्ह्याची वाट धरली, की मार्गासनीच्या पुढे रात्र खऱ्या अर्थाने रात्र होते. तोरणा आणि राजगड यांच्या मधल्या खोऱ्यांत अमावास्येला आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तेवढ्यासाठी पुण्याचे हौशी निरीक्षक दुर्बिणी उचलून भोर-वेल्ह्याकडे जातात. शहरात आकाश उरलेले नाही, याची ही कबुली होय. परंतु ज्या काळी पुण्यावरही असेच काळेभोर आकाश होते आणि हा सारा मुलूख भोर संस्थानचा प्रचंडगड तालुका म्हणून ओळखला जात होता, त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती, हे आज कितीजणांना ठाऊक आहे? ती उभारणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे चरित्र शहराने आठवावे असे आहे. आणि त्यात शहराला लाज वाटावी असाही एक भाग आहे.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते १८७८ साली एम. ए. झाले आणि १८८२ साली तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहावयास आले. त्यांनी पाच हजार रुपये देऊ केले आणि मुंबई सरकारने तितक्याच रकमेची भर घातली. संस्थानिकांच्या देणग्या बहुधा घड्याळाच्या मनोऱ्यांत आणि पुतळ्यांत जिरत. ही वेधशाळेच्या कामी आली, याचे श्रेय त्या तरुण अध्यापकाला द्यावयास हवे. १८८४ साली नायगमवाला विलायतेस गेले. तेथे नॉर्मन लॉकियर आणि राजज्योतिषी ख्रिस्ती यांचा सल्ला त्यांनी घेतला आणि ताऱ्यांच्या जागा मोजण्यापेक्षा त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळा काढावयाची, हे निश्चित झाले. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तेथे उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची परावर्ती दुर्बीण पुढे वीस इंची आरशाची म्हणून ओळखली गेली, आणि कित्येक दशके या देशात तिच्यापेक्षा मोठी दुर्बीण नव्हती.

या दुर्बिणीने केलेले एक काम विस्ताराने सांगण्याजोगे आहे. मृगनक्षत्रातील तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून नेला असता वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. अशी रेषा तेजोमेघांत प्रथम ह्यूगिन्स यांनी १८६४ साली पाहिली होती. पण ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कोणालाच उलगडत नव्हते. अवकाशातील सारे पदार्थ उल्कांच्या थव्यांपासून बनले, असा लॉकियर यांचा सिद्धांत होता. त्यामुळे ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश, असे ते मानीत. ह्यूगिन्स यांना ते मान्य नव्हते. वाद विकोपाला गेला होता. पट्ट्याची एक कड रेखीव असते आणि दुसऱ्या बाजूस तो पुसट होत जातो. तेव्हा ही रेषा दोन्ही अंगांनी सारखीच रेखीव आहे की नाही, एवढे पाहिले की निवाडा होत होता. नायगमवाला यांनी पुण्याहून ते पाहिले. रेषा रेखीवच होती, आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकातून त्यांनी तसे जाहीर केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध तिने साक्ष दिली. सत्ताधाऱ्यांच्या देशातील थोर शास्त्रज्ञाशी एका हिंदी प्राध्यापकाने असे वागणे त्या काळी सोपे नव्हते. त्या रेषेचे मूळ १९२७ साली अमेरिकेचे बोवेन यांनी शोधले: अतिविरळ वायूत दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू. मॅग्नेशियमचा तेथे संबंध नव्हता.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. पुण्याने नुकताच प्लेग आणि त्यामागून आलेले अत्याचार सोसले होते. टिळक तुरुंगात होते. अशा दिवसांत नायगमवाला आपली तुकडी घेऊन सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही तेथेच तळ दिला होता, तर लॉकियर विजयदुर्गावर होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. नायगमवाला यांच्या मोहिमेचा अहवाल पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

इथवरची कथा अभिमानाची. १९११ साली कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून ते अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि सरकारने वेधशाळाच बंद करून तिची उपकरणे कोडाईकनालला पाठविली. माणूस गेला म्हणून संस्था मोडावयाची, हा न्याय कोणत्या हिशेबात बसतो? कोडाईकनालची वेधशाळा सूर्याचा अभ्यास करणारी. तेथे ही दुर्बीण वर्षानुवर्षे उपयोगावाचून पडून राहिली आणि स्वातंत्र्यानंतरच पुन्हा उभारली गेली. दोष परक्या सरकारचा खराच. परंतु नायगमवाला यांच्या हाताखाली वारस तयार झाला नव्हता, आणि पुण्याच्या सुशिक्षितांनीही ती वाचविली नाही, हेही नाकारता येत नाही.

नायगमवाला १९३८ साली वारले. पुढे १९४४ साली पुण्यातील हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यात खोडदची रेडिओ दुर्बीण आणि आंबेगाव तालुक्यात गिरवलीची दोन मीटर आरशाची दुर्बीण आज काम करीत आहेत. दक्षिणेकडे भोर-वेल्ह्याजवळ अंधार आहे, तोही किती दिवस, हे सातारा रस्त्यालगतचे दिवे पाहिले की कळते. नागपूरकडील पेंचच्या जंगलाला २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तोरण्याच्या पायथ्याशी रस्त्यांवरच्या दिव्यांना टोप्या घालून उजेड खाली वळविण्याचा खर्च फारसा नाही. तो जिल्हा परिषदेने आताच करावा.