श्यामच्या घरातली गाय, पाखरू आणि कळ्या : साने गुरुजींनी मुलांना शिकवलेली भूतदया

मराठी मुलांच्या पुस्तकांत प्राणी फार जुने आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली ती 1828 साली. पंचतंत्रातले करटक-दमनक तर त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होते. पण या गोष्टींतला कोल्हा हा खरा कोल्हा नसतो. तो लबाड माणूस असतो. सिंह म्हणजे राजा, गाढव म्हणजे मूर्ख, मुंगी म्हणजे कष्टाळू. गोष्ट संपली की तात्पर्य उरते आणि प्राणी विसरला जातो. त्याला भूक लागली होती का, तो दुखावला होता का, हे कुणी विचारत नाही.

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये एका कैद्याने अवघ्या पाच दिवसांत एक पुस्तक लिहून काढले. त्यातली गाय ही गायच होती. पाखराचे पिल्लू हे पिल्लूच होते. त्या पुस्तकाचे नाव ‘श्यामची आई’ आणि लिहिणाऱ्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी.

गुरुजींची पुस्तके आजच्या अर्थाने चित्रपुस्तके नव्हेत. त्या काळी चित्र छापायचे तर ठसा करून घ्यावा लागे आणि तो महाग पडे. मुलांसाठी सचित्र मजकूर देणारी मासिके मराठीत होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ‘बालबोधमेवा’ 1873 पासून निघत होते आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये सुरू झाले होते. गुरुजींच्या हाती फक्त शब्द होते. तरीही मुक्या जिवांविषयीची माया घरोघरच्या मुलांपर्यंत पोचवणारे मराठी पुस्तक कोणते, असे विचारले तर पहिले नाव त्यांच्याच पुस्तकाचे घ्यावे लागते.

पालगडचे घर

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. पण वडील सदाशिवराव यांच्या काळात ते कर्जाने खचले आणि पुढे घरावर जप्ती येण्यापर्यंत वेळ आली. आई यशोदा 1917 साली गेली. मुलगा तेव्हा शिक्षणासाठी घरापासून लांब होता आणि शेवटची भेट झाली नाही. ही चुटपुट त्यांना जन्मभर पुरली. तुरुंगातल्या त्या पाच दिवसांत जे बाहेर आले ते सोळा वर्षे साठलेले होते.

पुस्तकाची रचना साधी आहे. आश्रमातले मित्र रात्री गोळा होतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो. अशा 42 रात्री. त्यातल्या एका रात्रीचे नावच ‘भूतदया’ आहे. घरट्यातून पडलेले एक पिल्लू मुलांना सापडते. मुले त्याला उचलतात, जपतात, चारापाणी करतात. पण पिल्लू जगत नाही. मग ती त्याला पुरतात. एवढीच गोष्ट. पिल्लाने कुणाचे प्राण वाचवले नाहीत, कुणाला अद्दल घडवली नाही. ते मेले आणि मुलांना वाईट वाटले. लहान मुलाचे असले दुःख घरातली मोठी माणसे सहसा हसण्यावारी नेतात. गुरुजींनी त्यासाठी एक अख्खी रात्र दिली.

‘मोरी गाय’ ही रात्र याहून प्रसिद्ध आहे. मोरी आईशिवाय कुणाला धार काढू देत नसे. तिला आईचा हात ओळखीचा होता. जनावर माणसाचा स्पर्श ओळखते हे गोठा असलेल्या कुठल्याही घराला ठाऊक असते, पण तोवर मुलांच्या पुस्तकात ते अशा रीतीने आले नव्हते. पुढे मोरी मरते. घरच्या माणसासारखेच तिचे जाणे सांगितले आहे.

तिसरी रात्र ‘मुकी फुले’. फुले गोळा करण्याच्या चढाओढीत श्याम न उमललेल्या कळ्याच तोडून आणू लागतो. आई त्याला झाडावर कळी नीट उमलू द्यायला सांगते. इथे दया आणखी एक पायरी खाली उतरते. गाय दूध देते, पाखरू निदान चिवचिवते. कळीकडून तर काहीच मिळायचे नसते. जिच्यापासून फायदा नाही आणि जी तक्रारही करू शकत नाही तिच्याशी कसे वागायचे, हा प्रश्न या गोष्टीत आहे. तो मुलाला कळेल इतका लहान करून मांडला आहे.

इंग्लंडमध्ये ॲना स्यूएल या बाईंनी 1877 मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिले. त्यात घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो. घोड्यांना वागवणाऱ्यांचे मन बदलावे हा त्यामागचा उघड हेतू होता. गुरुजींची वाट वेगळी. त्यांचा प्राणी बोलत नाही. तो मुकाच राहतो आणि त्याचे मुकेपण समजून घेणारी आई मध्ये असते. पुस्तकाची ताकद तिथे आहे आणि मर्यादाही तिथेच आहे. कारण सगळे त्या आईवर अवलंबून राहते आणि आईचे जगही शेवटी तिच्या काळाचे असते.

अमळनेरचे वसतिगृह

कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो. तिथले अमळनेर ही गुरुजींची कर्मभूमी. पुण्यात शिकून ते तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. ओरडून सांगण्यापेक्षा करून दाखवावे हा त्यांचा खाक्या.

तिथेच त्यांचे मुलांसाठीचे लेखन सुरू झाले. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते वसतिगृहातल्या मुलांसाठी काढीत. रोज, हाताने लिहून. 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. पुस्तक छापून दुकानात ठेवण्याआधी लेखकाने आपल्या वाचकांना रोज सकाळी समोर पाहिलेले असणे ही गोष्ट साधी नाही. त्यांच्या गद्यात जो बोलण्याचा सूर आहे तो इथला आहे.

1930 साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. मग धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग. त्रिचनापल्लीत त्यांनी तमिळ शिकून तिरुक्कुरळचा मराठी अनुवाद केला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेणारा हात गुरुजींचाच. ‘श्यामची आई’ पुढे पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने छापले आणि ते आजवर छापले जात आहे. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी परदेशी कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’चे ‘मनूबाबा’ झाले, व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चे ‘दुःखी’ झाले.

मोठ्यांसाठी लिहिलेल्या ‘भारतीय संस्कृती’ या 1937 च्या पुस्तकात ‘मानवेतर सृष्टीशी प्रेमाचे संबंध’ असे एक प्रकरणच आहे. श्यामच्या आईने घरात केले त्याचा विचार इथे मांडलेला दिसतो. खेड्यातल्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तूप लावून चोळतात. पोळ्याला बैल कामाला लावायचा नाही, त्याला पुरणपोळी भरवायची. देवगाव रंगारीसारख्या गावातल्या शेतकऱ्याच्या पोराला भूतदया हा शब्द कळण्याआधी बैलाचा खांदा कळतो. वर्षातल्या एका दिवसाने उरलेल्या दिवसांचा पराणा माफ होतो का, हा प्रश्न मात्र उरतोच. सणांतली ही माया रोजच्या वागण्यात यावी असाच गुरुजींच्या सगळ्या लेखनाचा रोख आहे.

गुराला पाणी, माणसाला मनाई

जनावरावर दया करणारा समाज माणसावर दया करतोच असे नाही. पालगड ज्या कोकणात आहे त्याच कोकणातल्या महाडला चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला मात्र मनाई होती. डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी तिथे सत्याग्रह केला. भूतदयेची पोथी वाचणाऱ्यांना इतका अवघड प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसेल.

‘श्यामची आई’त हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अर्धवट आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. गाव काय म्हणेल याची ती पर्वा करीत नाही. पण नंतर अंघोळ करायची, हेही सांगते. मोरी गायीच्या अंगावरून हात फिरवल्यावर अंघोळ लागत नव्हती. आजचा वाचक इथे अडखळतो आणि त्याने अडखळावेच. गुरुजींनी ती अंघोळ झाकली नाही. आई जशी होती तशी लिहिली.

स्वतः मुलगा मात्र त्या अंघोळीच्या पुढे गेला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. तोवर आंबेडकरांच्या चळवळीने मंदिरप्रवेशाचा नाद सोडून बारा वर्षे होत आली होती. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी 1935 मध्ये येवल्यात जाहीर केले होते. त्या बाजूने पाहिले तर गुरुजींचे उपोषण उशिरा आले. पण ते सवर्णांना उद्देशून होते. पिल्लासाठी रडणाऱ्या घरांना त्यांनी विचारलेला तो प्रश्न होता.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी 21 दिवसांचे उपोषण केले. 15 ऑगस्ट 1948 रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे यासाठी आंतरभारतीची कल्पना मांडली. स्वातंत्र्यानंतर आजूबाजूला जे दिसत होते ते त्यांना सोसवेना. 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना माया द्यायला सांगणाऱ्या या माणसाने स्वतःला त्या हिशेबात कधी धरले नाही. उपोषणे, जागरणे, दुसऱ्यांची दुःखे अंगावर घेणे या सगळ्यात स्वतःवर ते कठोरच राहिले. त्यांच्या चरित्रातला हा भाग मुलांच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकला जातो.

त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली. शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगणारी माणसे तिने तयार केली. हातात पुस्तक नसलेल्या मुलापर्यंतही गोष्ट पोचवायचा हा मार्ग गुरुजींच्याच स्वभावाला धरून होता. 1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते त्यांनी आई पाहिली.

गुरुजींच्या लेखनात डोळ्यांतले पाणी फार, असा आक्षेप जुनाच आहे आणि तो खोटा नाही. सलग दहा रात्री वाचल्या तर दमायला होते. मुलांना वाचून दाखवायचे तर एका बैठकीत एकच रात्र घ्यावी. पुस्तकाची मांडणीही तशीच आहे.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनहक्क संपतो. म्हणून 2011 पासून गुरुजींचे लेखन सर्वांना खुले आहे. आता कुणीही ते छापू शकते, कुणीही त्यात चित्रे घालू शकते. 2021 मध्ये शांता गोखले यांचा ‘श्यामची आई’चा इंग्रजी अनुवादही आला. मोरी गाय, घरट्यातून पडलेले पिल्लू आणि न उमललेल्या कळ्या या तीन रात्रींची तीन छोटी चित्रपुस्तके सहज होतील. चित्रकाराला एवढेच सांभाळावे लागेल की गायीला माणसाचे डोळे काढायचे नाहीत.