वसईचा दुभाष्या

वसईचा किल्ला तुम्ही प्रत्यक्ष पाहिला नसेल, तरी रील्समध्ये नक्की पाहिला असेल. पडक्या चर्चच्या कमानी, भिंतीतून उगवलेली झाडं आणि कोपऱ्यात चाललेलं कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट. साडेचारशे वर्षांपूर्वी याच वसईत एक मुलगा शिकत होता. पुढे तो जपानमध्ये क्रुसावर मारला गेला आणि भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरला. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

त्याचा जन्म 1556-57च्या सुमारास झाला. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. म्हणजे तो ना पुरता पोर्तुगीज, ना पुरता इथला. आपल्याकडे नाव-गाव विचारून माणूस कुठल्या खणात बसतो ते ठरवायची सवय जुनीच आहे. गोन्सालो कुठल्याच खणात नीट बसत नव्हता.

जेझुइट धर्मगुरूंकडे तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. तुम्ही अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत होतात, त्या वयाची ही गोष्ट. तिथे त्याने जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की लोकांमध्ये सहज मिसळून तो धर्मशिक्षण देऊ लागला. त्याला जेझुइट संघात सामील व्हायचं होतं. त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली, पण प्रवेश काही मिळाला नाही.

मग त्याने सरळ धंदा सुरू केला. तोही चांगला चालला. व्यापारासाठी आग्नेय आशियात फिरताना तो फिलिपीन्समधल्या मनिलाला पोहोचला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. चाललेला व्यापार सोडून त्याने हे निवडलं.

1593मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवलं. प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येणारा माणूस हवा होता, म्हणून गोन्सालो दुभाष्या झाला. विचार करा, समोर अख्ख्या जपानवर हुकूम चालवणारा माणूस, ज्याने 1587मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायला सांगितलं होतं. आणि मधे उभा वसईचा गोन्सालो. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर? पण बोलणी जमली. फ्रान्सिस्कनांना राहायची परवानगी मिळाली. क्योतोमध्ये त्यांनी चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी हॉस्पिटल उभारलं.

1596मध्ये सगळं फिरलं. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरचा माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो, मग सैन्य, अशा अर्थाचं काहीतरी जहाजावरचा एक अधिकारी बोलून गेला, असं सांगतात. हिदेयोशीची भीती अगदीच हवेतली होती असंही नाही, वसईसारखी गावं युरोपियन सत्तेखाली होतीच की! पण शिक्षा मिळाली ती आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांना आणि साध्या जपानी ख्रिस्ती लोकांना.

क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यात गोन्सालो होता, पेद्रो बाप्तिस्ता होते आणि 12 वर्षांचा लुई इबाराकीही होता. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

1627मध्ये या फ्रान्सिस्कनांना धन्य आणि 1862मध्ये पोप पायस नववे यांनी सर्व 26 जणांना संत घोषित केलं. निशिझाकावर आज त्यांचं स्मारक आहे. इकडे गोन्सालो मुंबई आर्चडायोसिसचा आश्रयदाता संत मानला जातो आणि वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. तुमच्यापैकी काही जण तिथेच शिकत असतील.

पण सगळ्यात भारी गोष्ट घडली ती ब्राझीलमध्ये. अठराव्या शतकात रेसिफे शहरात मिश्र वंशाच्या लोकांना ‘पार्दो’ म्हणत. गोऱ्यांच्या जगात त्यांना मान नव्हता. त्यांनी स्वतःचा संत म्हणून निवडला तो वसईचा गोन्सालो, कारण त्याचे आईवडीलही दोन वेगळ्या वंशांचे होते. 1745मध्ये त्यांनी त्याचा मोठा उत्सव केला. असा मिश्र माणूस संत होऊ शकतो का, असं विचारणाऱ्यांना त्यांनी त्याचंच नाव पुढे केलं. 

तुम्ही गावाहून शहरात आला असाल, घरी एक भाषा आणि कॉलेजात दुसरी बोलत असाल, तर ‘तू नक्की कुठला?’ हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारला असेल. गोन्सालोला तर तो आयुष्यभर चिकटला असणार. त्याने कुठलीच एक बाजू धरली नाही. तो दोघांच्या मधे उभा राहिला आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोहोचवत राहिला.