नाथमाधव

तांडेल म्हणजे कोण, हें आमच्या वेसाव्याच्या मुलांस सांगावें लागत नाहीं. त्या तांडेलास कादंबरीचा नायक करून 'सावळ्या तांडेल' लिहिणारे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांचा जन्म १८८२ सालीं झाला. तरुणपणीं शिकारीच्या नादांत ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. प्राण वांचले, पण कमरेखालचें शरीर कायमचें लुळें पडलें. चालणें फिरणें संपलें. अशा स्थितींत अंथरुणावर पडूनच त्यांनीं लेखणी हातीं धरली. आणि लिहिलें काय? तर गड, घोडे, चकमकी आणि रात्रीच्या दौडी! स्वराज्यस्थापनेवरील त्यांच्या कादंबऱ्या व 'वीरधवल' मराठी मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, कित्येकदां अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून. (पालकांनीं रागावूं नये, त्यांच्यापैकीं कित्येकांनींही तेंच केलें असेल.) हरिभाऊ आपट्यांची खोली त्यांत नाहीं, असें आम्हांस वाटतें. परंतु ज्यास एक पायरीही चढवत नव्हती, त्यानें हजारों मुलांस गड चढविले. खाडीपलीकडील आपला किल्ला १७३९ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. या कादंबऱ्या वाचलेला मुलगा त्याच्याकडे निराळ्याच नजरेनें पाहतो. नाथमाधव १९२८ सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं वारले.