खोताच्या घरातील दारिद्र्य : साने गुरुजींचे चरित्र आणि ‘श्यामची आई’

पांडुरंग सदाशिव साने यांचे चरित्र मातृभक्त मुलगा, ध्येयवादी शिक्षक, सत्याग्रही आणि अखेरीस सर्वसंगपरित्यागी पुरुष अशा क्रमाने सांगण्याचा प्रघात आहे. या मांडणीत खोटे असे काही नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट सातत्याने मागे पडते. हे चरित्र एका कर्जबाजारी झालेल्या घरातील मुलाचे आहे, आणि त्याने लिहिलेले सर्वांत गाजलेले पुस्तक हा त्या घराच्या आर्थिक पडझडीचा वृत्तांत आहे. बीड जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जेथे उचल घेऊन घर सोडणे हा हजारो कुटुंबांचा वार्षिक क्रम आहे, तेथे मराठीचे अध्यापन करणाऱ्यास हा मागे पडलेला धागा उचलून पाहणे अगत्याचे वाटते.

आपल्याकडे मुलांसाठी लिहिलेले ऐतिहासिक साहित्य म्हटले की गड, तलवारी आणि मावळे डोळ्यांसमोर येतात. घरातील धान्याची कणगी, सावकाराचे खत, जप्तीची दवंडी यांना इतिहास समजण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी नाही. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात वर्णिलेले कोकण वीस-पंचवीस वर्षे मागे पडलेले होते. पहिल्या बालवाचकांच्या दृष्टीने ते आईवडिलांच्या बालपणाचे जग होते. आत्मकथन, कादंबरी आणि गतकाळाचे चित्रण यांच्या सीमेवर हे पुस्तक उभे आहे. त्याचा नायक साने नव्हे, श्याम आहे, ही साधी बाब अभ्यासकही कित्येकदा विसरतात.

साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा कुळांकडून वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. कुळांच्या दृष्टीने तोच सरकार असे, आणि कुळांची त्याच्याविषयीची भावना बहुधा प्रेमाची नसे. आजोबांच्या काळी या घरात सुबत्ता होती. सदाशिवरावांच्या काळात भाऊबंदकी, वाटण्या, कज्जेदलाली आणि कर्ज यांनी ती ओसरली. पुस्तकातील श्यामचे आईवडील वाटणीनंतर जवळजवळ नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडतात, काही काळ आईच्या माहेरच्या आश्रयाने राहतात, आणि तो आश्रय मानी आईला सहन न झाल्याने तिच्या हातातील पाटल्यांच्या बळावर मातीची, गवताने शाकारलेली झोपडी उभी राहते. पुढे तीही सुखाची ठरत नाही. सावकाराचा माणूस दारात बसून अपमानाचे बोलतो आणि गावात जप्तीची दवंडी पिटली जाते.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या दारिद्र्याची जात ओळखल्याशिवाय पुस्तकही नीट कळत नाही आणि चरित्रही. हे भूमिहीनाचे दारिद्र्य नव्हे. प्रतिष्ठा शिल्लक असताना पैसा गेलेल्या घराचे हे दारिद्र्य आहे, आणि म्हणून त्यातील सर्वांत मोठे दुःख भुकेपेक्षा अब्रूचे आहे. आई पोटाला चिमटा घेऊ शकते, परंतु चारचौघांत झालेला अपमान तिला आतून पोखरतो. गावातील कुळे याच काळात याहून कठीण परिस्थितीत जगत होती. ती या गोष्टीत कडेकडेनेच येतात. एका प्रसंगी मात्र ती मध्यभागी येतात. लाकडांची मोळी डोक्यावर चढवता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार स्त्रीला आई श्यामकडून हात देवविते आणि नंतर त्याला स्नान करावयास सांगते. दयाही आहे आणि विटाळही आहे. लेखकाने दोन्ही तसेच ठेवले. प्रौढपणी स्वतः विटाळ न मानणाऱ्या या लेखकाला आईचे चित्र उजळ करण्यासाठी ते स्नान गाळणे सहज शक्य होते. ते त्याने केले नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो असे मला वाटते.

शिक्षणाची वाटचालही घरच्या हिशेबानेच ठरत गेली. पालगडनंतर दापोलीची मिशन शाळा, मग फी परवडत नाही म्हणून औंध संस्थान, तेथे प्लेग आल्यावर पुण्याचे नूतन मराठी विद्यालय. या काळात ते कित्येकदा अर्धपोटी राहिले. १९१७ साली आई गेली तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही. ही चुकलेली भेट हाच पुढे त्या पुस्तकाचा गाभा झाला. घर मुलाला पोसू शकत नाही म्हणून मूल दूर जाते, आणि दूर असल्यामुळे मृत्यूच्या वेळी पोहोचत नाही. या शोकाचे मूळ असे हिशेबाच्या वहीत सापडते.

नेमके हेच बीडमधील वाचकाला वेगळ्या रीतीने भिडण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी नवराबायकोची जोडी, जिला तेथे ‘कोयता’ असे म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते. मुले सोबत जातात वा आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहात राहतात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. श्यामच्या गोष्टीत आई घरी थांबते आणि मुलगा बाहेर जातो. येथे आईच घर सोडते. कर्जाने कुटुंब विलग होण्याचा व्यापार मात्र तोच आहे. ‘श्यामची आई’ केवळ संस्कारांचे पुस्तक म्हणून शिकविले, तर ज्या विद्यार्थ्याला त्यातील सावकार प्रथम ओळखू येईल त्याला आपण वर्गाबाहेरच ठेवतो.

पुण्यात पदवी घेतल्यावर साने अमळनेरला आले; तत्त्वज्ञानात ते एम. ए. झाले. १९२४ ते १९३० या काळात ते तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. आजारी मुलांची शुश्रूषा आणि खोल्यांची झाडलोट ते स्वतः करीत. त्यांनी मुलांसाठी ‘विद्यार्थी’ हे मासिक चालविले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे आणि नाशिक असे तुरुंग झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, हे सर्वज्ञात आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन संपविले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी योजना आहे. पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. या वेगामुळे पुस्तकात पुनरुक्ती आणि भावविवशता आली, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याच वेगामुळे घरगुती तपशील, म्हणजे कोणते भांडे, कोणता दागिना, कोणाचे किती देणे, हे न निवडता, न सजविता आले.

तुरुंगाबाहेर आल्यावर या खोतपुत्राने कोणाची बाजू घेतली हे पाहण्याजोगे आहे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी ते खानदेशातील खेड्यांतून फिरले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले आणि गिरणी कामगारांमध्येही काम केले. ज्यांचे घराणे सारा वसूल करण्यावर उभे होते, तो मुलगा आता साऱ्याच्या सुटीसाठी मोर्चे काढीत होता. याच सुमारास, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले होते. आंबेडकरांच्या बालपणाचा काही भाग दापोलीतच गेला होता. त्याच तालुक्याच्या दोन टोकांच्या घरांतून आलेल्या या दोघांच्या वाटा भिन्न होत्या, पण कोकणातील जमिनीचा प्रश्न दोघांनाही बालपणापासून ठाऊक होता.

मोळीच्या प्रसंगातील स्नानाचे उत्तर चौदा वर्षांनी मिळाले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने महाराष्ट्रभर हिंडले आणि १ ते १० मे १९४७ या काळात त्यांनी उपोषण केले. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. पुढील वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक निघाले. आंतरभारतीची कल्पना त्यांनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगापासून मनात बाळगली होती. अखेरची वर्षे तिच्या प्रचारात गेली.

गांधीहत्येनंतर मात्र त्यांचे मन सावरले नाही. १९४९ साली मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा संमत झाला. पालगडच्या साने घराण्याला ज्या व्यवस्थेने प्रथम सुबत्ता आणि पुढे कर्ज दिले, ती व्यवस्था अशी कागदोपत्री संपली. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन संपविले. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली आला. पुढील वर्षी त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या स्मरणात आई राहिली, सावकार मागे पडला.