बॅटची पाळी : बाळू पालवणकर

बारामतीच्या आपल्या मैदानावर सायंकाळी बॅटची पाळी प्रत्येक मुलास मिळते. बाळू पालवणकरांना ती मिळाली नाही. चर्मकार समाजातील बाळू तरुणपणी पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडण्याच्या चाकरीस होते. कामातून उसंत मिळताच ते गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजी मात्र साहेबांचा मान! पुढे हिंदू संघासाठी बळी घेतानाही चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे आम्हांस खटकतेच.) संघाचे कर्णधारपद त्यांना डावलून इतरांस दिले गेले, १९२३ मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांनी मिळवले. विठ्ठल फलंदाज होते.